रंग, रंधा आणि गलबत

(औद्योगिक पट्ट्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चित्रे रंगवणारा, गलबतांच्या लहान प्रतिकृती करणारा आणि लाकडावर नक्षी कोरणारा कलावंत, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरात हा विषय थोडा बाजूचा वाटण्याचा संभव आहे. येथील दिवस कारखान्यांच्या पाळ्यांनी मोजला जातो, रस्त्यांवरून मोटारींचे सुटे भाग वाहणाऱ्या मालमोटारींची रांग संपत नाही आणि समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे राहिला. मग रंधा, कुंचला आणि गलबत यांचे येथे काय काम, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. जी वस्तू अद्याप अस्तित्वात नाही ती मनाने पाहणे, मापात उतरवणे आणि हाताने घडवणे, ही एकच विद्या या तिन्ही कलांच्या मुळाशी आहे आणि तीच विद्या यंत्रोद्योगाच्याही मुळाशी आहे. आपल्या पट्ट्यात ती पुष्कळ काळ नांदली. तथापि ज्यांच्या हाती ती आहे ते कारागीर आता वृद्ध होत चालले आहेत, आणि त्यांच्यापाशी बसून शिकणारे मूल दिसेनासे झाले आहे. ही विद्या कोठून आली, तिचे स्वरूप काय आणि ती टिकवण्यासाठी शाळा व ग्रामपंचायती यांना काय करता येईल, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

गावचा सुतार

आरंभ गावापासून करू. कारखाने येण्यापूर्वी हवेली, मावळ आणि खेड तालुक्यांतील या गावांत यंत्रविद्येचा जो काही भाग होता, तो सुतार आणि लोहार या दोन बलुतेदारांच्या हाती होता. नांगर, कुळव, पाभर आणि बैलगाडी सुताराने करावी आणि त्यास लोखंड लोहाराने चढवावे, अशी वाटणी असे. त्याच सुताराच्या हातून घरातील पाळणा, देव्हारा, चौरंग आणि दाराची चौकट उतरे. चौकटीच्या माथ्यावर गणेशपट्टी कोरणारा आणि शेतकऱ्याचा नांगर भरणारा हात एकच होता. कलाकुसर आणि उपयोगाची वस्तू यांच्यात आज आपण जी भिंत घालतो, ती त्याच्या मनात नव्हती.

गाडीचे चाक हे त्याच्या बुद्धीची कसोटी असे. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरची लाकडी कड आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवावी, भट्टीत लाल करून फुगवावी, चाकावर चढवावी आणि वरून पाणी ओतावे. ती आकसते आणि सारे चाक आवळून धरते. तापलेला धातू निवताना किती आकसेल याचा हिशेब या माणसांना पिढ्यान्पिढ्या मुखोद्गत होता. हा हिशेब ध्यानात ठेवावा, कारण पुढे कारखान्यात तो पुन्हा भेटणार आहे.

ही विद्या श्रीमंतांच्या आश्रयास गेली तेव्हा तिने वाडे उभे केले. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग आपणापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या त्या वाड्यात सुरूच्या झाडाचा डौल घेतलेले खांब आहेत, केळफुलाची नक्षी आहे आणि रस्त्यावर झुकलेला कोरीव सज्जा आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणीसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रेही आहेत. सुतार आणि चितारी यांचे काम तेथे एकाच छपराखाली, एकमेकांस धरून झालेले दिसते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारे, खांब, पेट्या, दिवे आणि अडकित्ते यांचा जो संग्रह आहे, तो डॉ. दिनकर केळकर यांनी गावोगाव हिंडून जमवला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. विद्यार्थ्यांची सहल तेथे नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना वस्तूंची नावे तर सांगावीतच, परंतु सांधा कसा बसवला आहे आणि लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेने धावतात, हेही बघावयास लावावे.

एक कलावंत, अनेक हत्यारे

चित्रकार आणि कारागीर हे दोन वेगळे वर्ग आहेत, ही समजूत आपल्याकडे तशी अलीकडची आहे. तिला छेद देणारे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचे होय.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० साली कोल्हापुरास झाला. वडील सुतारकाम, लोहारकाम आणि कोरीवकाम जाणणारे कारागीर. 'मेस्त्री' या आडनावातच घराण्याचा व्यवसाय आहे; 'पेंटर' हे नाव लोकांनी दिले. बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांची महाराष्ट्रभर ख्याती झाली. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला आणि या दोघांनी चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी तो घरीच तयार करावयास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी काम सोडले नाही. दामले मामांच्या साहाय्याने त्यांनी कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली 'सैरंध्री' प्रदर्शित केला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

या कथेतील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. ज्यांचे नाव रंगवलेल्या पडद्यांनी झाले, त्याच बाबूरावांनी चित्रपटात सपाट पडद्याची जागा घडीव देखाव्याला दिली. खांब, कमानी आणि जिने उभारून त्यांत पात्रांना वावरू दिले. रंगाने खोली भासवण्याचे काम त्यांना येत होते. प्रत्यक्ष खोली कशी उभी करावी हे सुताराच्या घरातून आलेले ज्ञान होते. दामले, फत्तेलाल आणि शांताराम ही मंडळी याच कंपनीत तयार झाली आणि पुढे 'प्रभात'च्या रूपाने पुण्यास आली. एका कारागीर घराण्याच्या हातातील कसबाने केवढे क्षेत्र उभे केले, याचा हा पुरावा आहे.

उद्योगाच्या बाजूनेही असेच उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. रंगांची पारख करण्यात दृष्टी कमी पडते असे दिसल्यावर ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत तो विषय शिकवू लागले. पुढे बेळगाव, लोखंडी नांगर आणि १९१० साली औंध संस्थानातील किर्लोस्करवाडी हा सारा इतिहास आपणांस ठाऊक आहे. त्यांना जागा देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हा योगही लक्षात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा पाया घालणाऱ्यांच्या हाती पेन्सिल प्रथम आली, हातोडा मागून आला.

कारखान्यातील लाकूड

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर आकुर्डी, चिंचवड, भोसरी हा भाग झपाट्याने उद्योगांनी व्यापला. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका मिळाली. पुढे उद्योगांचा ओघ चाकणकडे वळला आणि महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी या गावांच्या शिवारांत कारखाने उभे राहिले.

लोखंडाच्या या युगात लाकडाचे स्थान संपले असे वरवर वाटते. वस्तुस्थिती तशी नव्हती. इंजिनाचा ठोकळा असो, पंपाचे कवच असो वा यंत्राचा पाया असो, जी वस्तू ओतून करावयाची तिचा नमुना आधी लाकडात घडवावा लागे. हा नमुना वाळूत दाबून काढून घेतला की त्याच्या आकाराची पोकळी राहते. तीत वितळलेला धातू ओतला की वस्तू तयार होते. हा लाकडी नमुना करणारा तो पॅटर्नमेकर. कोल्हापूरच्या ओतशाळा असोत वा भोसरीच्या, त्यांचा कणा हा माणूस होता.

त्याच्या कामातील बारकावे समजून घेण्यासारखे आहेत. ओतीव लोखंड निवताना सुमारे एक टक्का आकसते, पोलाद सुमारे दोन टक्के. म्हणजे ५०० मिलिमीटर लांबीचा लोखंडी भाग हवा असेल तर नमुना ५०५ मिलिमीटरांचा आणि पोलादी भाग हवा असेल तर ५१० मिलिमीटरांचा करावयाचा. यासाठी त्याच्यापाशी खास मोजपट्टी असते. तिच्यावरील प्रत्येक मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा तेवढ्याच प्रमाणात मोठा असतो. गाडीच्या धावेचा हिशेब तो हाच! नमुना वाळूतून काढताना कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो. ज्या पृष्ठभागावर नंतर यंत्रकाम व्हावयाचे, तेथे जादा जाडी ठेवावी लागते.

लाकूड आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून एक मोठा ठोकळा न घेता लहान तुकडे रेषांची दिशा आलटून पालटून चिकटवावे लागतात. तसे केले तरच दमट हवेत नमुना पिळवटत नाही. चांगले मुरलेले सागवान यासाठी पसंत करतात. शेवटी नमुन्यास रंग द्यावयाचा. हा रंग शोभेचा नसतो. ओतल्यावर कोणता भाग तसाच राहावयाचा, कोणत्या भागावर यंत्रकाम व्हावयाचे आणि पोकळीसाठीचा गाभा कोठे बसावयाचा, हे ओतशाळेतील माणसास निरनिराळ्या रंगांवरून कळते.

लाकूड घडवणे, खऱ्या वस्तूची प्रतिकृती करणे आणि रंग देणे ही तिन्ही कामे एका माणसाच्या एका दिवसात येथे एकत्र येतात. असा कारागीर सुटीच्या दिवशी घरी लहान गलबत करावयास बसला, देव्हाऱ्याची महिरप कोरू लागला किंवा कागदावर रंग घेऊन बसला, तर त्यात नवल ते काय? तो आपल्या धंद्याचेच काम, मालकाच्या आराखड्याऐवजी स्वतःच्या मनातील आराखड्याप्रमाणे करीत असतो.

आज बहुतेक ठिकाणी संगणकावर आराखडा तयार होतो, संगणकचालित यंत्र राळेच्या अथवा धातूच्या ठोकळ्यातून नमुना कापते आणि काही कारखान्यांत थर रचून वस्तू छापणारी यंत्रेही आली आहेत. त्यांत अचूकता आहे, वेळेची बचत आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु यंत्रास आराखडा देणाऱ्या तरुणाने लाकूड कधी हातात धरलेले नसेल, उतार का द्यावयाचा हे बोटांनी कधी अनुभवले नसेल, तर पडद्यावर सुंदर दिसणारी आणि वाळूतून न निघणारी वस्तू तो रेखाटतो. ही उणीव भरून काढण्याची जागा शाळा होय.

गलबताची प्रतिकृती

या शिक्षणासाठी गलबताच्या प्रतिकृतीइतके चांगले साधन क्वचितच असेल. घर चौकोनी असते. त्याची प्रतिकृती पुठ्ठ्यातूनही होते. गलबताच्या अंगावर मात्र सरळ रेषा जवळजवळ नसते. त्याची तीन चित्रे काढावी लागतात: बाजूने दिसणारे, वरून दिसणारे आणि ठिकठिकाणी आडवे छेद घेतल्यास दिसणारे. या तीन सपाट चित्रांतून एक फुगीर आकार मनात उभा करणे हीच यंत्ररेखनाची पहिली पायरी आहे. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएटला बसलेल्या विद्यार्थ्यास घनभूमिती परिचित असते. ती येथे हाताला लागते.

कृती थोडक्यात अशी. प्रथम तळाचा कणा कापून घ्यावा. छेदचित्रांप्रमाणे पातळ प्लायवुडच्या फासळ्या कापून कण्यावर काटकोनात बसवाव्यात आणि गुण्या लावून तपासाव्यात. मग लाकडाच्या अरुंद पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून, वाकवून, कण्याच्या दोन्ही बाजूंस आळीपाळीने चिकटवाव्यात. एका बाजूच्या सर्व पट्ट्या आधी लावल्या तर कणाच वाकतो. पोटापाशी घेर मोठा आणि दोन्ही टोकांस लहान, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावी लागते. हे गणित एकदा हातास कळले की मूल ते विसरत नाही. नंतर काचकागदाने घासणे, रंग, डोलकाठी, शीड, सुकाणू आणि दोऱ्यांचे जाळे.

गणिताच्या शिक्षकांसाठी येथे एक सुरेख उदाहरण आहे. प्रतिकृती एकास पन्नास या प्रमाणात केली तर ३० मीटर लांबीचे जहाज ६० सेंटिमीटरांचे होते. परंतु वजन पन्नासपट कमी होऊन भागत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही पन्नासपट घटल्याने ते सव्वा लाखपट कमी व्हावे लागते. सव्वाशे टनांच्या जहाजाची प्रतिकृती खऱ्या जहाजाप्रमाणे पाण्यात बुडून तरंगावयाची असेल तर तिचे वजन बरोबर एक किलोग्रॅम भरले पाहिजे. घनाचा नियम फळ्यावर लिहून देण्यापेक्षा बादलीत गलबत तरंगवून दाखवणे किती परिणामकारक होईल, हे मी शिक्षकांस सांगावयास नको.

शिवाय या विषयास आपला इतिहास आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजबांधणीस आरंभ केला आणि १६६४ साली सिंधुदुर्गाच्या बांधकामास हात घातला. मराठी आरमारात गुराब आणि गलबत ही मुख्य लढाऊ जहाजे होती. गुराबेस दोन किंवा तीन डोलकाठ्या असत, ती साधारण दीडशे ते तीनशे टनांची असे आणि तिच्या पुढे आलेल्या निमुळत्या नाळेवरून तोफा डागीत. गलबत त्याहून लहान, सुमारे सत्तर टनांपर्यंतचे. चाळीस-पन्नास वल्ही मारून ते वारा पडला असतानाही चाल करी. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० साली दोन महिन्यांच्या आसपास लढवला, हे येथील प्रत्येक मुलास सांगितले जाते. त्याच स्वराज्याचे समुद्रावरील अंग त्याने स्वतःच्या हाताने घडवून पाहिले, तर इतिहासाचे पान सजीव होईल.

सागवानाचे सामर्थ्य सांगणारे एक जहाज तर आजही तरंगत आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारच्या सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि दोनशे वर्षे उलटल्यावरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती जतन केलेली आहे.

याहून बोलके उदाहरण अगदी अलीकडचे आहे आणि त्याचा उगम महाराष्ट्रात आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. त्या जहाजाचा कोणताही आराखडा उपलब्ध नाही, अवशेषही नाहीत. केवळ चित्र आहे. भारतीय नौदल, केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांनी २०२३ साली ते जहाज प्रत्यक्ष बांधावयास घेतले. चित्रावरून आकार निश्चित केला, मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पाण्यातील वर्तनाची चाचणी प्रतिकृतीवर घेतली आणि केरळच्या कारागिरांनी खिळ्यांच्या आधारावाचून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाज उभे केले. नाळेवर कोरीव सिंहयाळी बसवली, शिडांवर गंडभेरुंड व सूर्य रंगवले. २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. चित्रकाराने भिंतीवर जे ठेवले ते दीड हजार वर्षांनी प्रतिकृतीच्या वाटेने सुताराच्या हाती पोहोचले. रंग, प्रतिकृती आणि लाकूड यांचे नाते यापेक्षा स्पष्ट कोणते असणार?

समुद्र दूर आहे ही सबबही फारशी टिकत नाही. आपल्याच लोहमार्गावर लोणावळ्यास १९४५ पासून नौदलाचे 'शिवाजी' हे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृती तयार करण्याचे रीतसर शिक्षण मिळते आणि त्याच्या स्पर्धाही होतात.

सावंतवाडीचा धडा

कला जिवंत कशी ठेवावी याचा एक वस्तुपाठ सावंतवाडीने दिला आहे. तेथील चितारी मंडळी लाकडी खेळणी, फळे, पाट आणि चौरंग करीत व त्यांवर लाखेचे आणि रंगाचे काम करीत. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड त्यासाठी वापरीत. दशावताराच्या गंजिफाही तेथे रंगवल्या जात. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशे वीस गोल पाने. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला मरणपंथास लागली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कलावंतांना जागा दिली, जुन्या कारागिराकडून नव्यांस शिकवले आणि मालास गिऱ्हाईक मिळवून दिले. पुढे या कलेस भौगोलिक मानांकनही लाभले.

यातून निघणारा बोध सरळ आहे. बसावयास जागा, शिकणारा हात आणि वस्तू घेणारा माणूस, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या की कला टिकते. त्यांपैकी एकही कमी पडली तर नुसत्या गौरवाने ती टिकत नाही. सत्काराची शाल अंगावर घेऊन घरी परतलेल्या कारागिरास दुसऱ्या दिवशी शिष्य मिळाला नाही, तर त्या सत्काराचा उपयोग किती?

काय करता येईल

आता व्यवहाराचे बोलतो. आपल्या गावांत या घडीस दोन गोष्टी वेगाने नाहीशा होत आहेत. पहिली, जुने लाकूडकाम. जमिनीचे भाव वाढले, जुने वाडे आणि घरे पाडून इमारती उभ्या राहिल्या. गणेशपट्टी, कोरीव तुळई आणि खांब जुन्या बाजारात जातात किंवा सरळ चुलीत. दुसरी गोष्ट, निवृत्त कारागिरांची हत्यारे. रंधे, पटाश्या आणि आकुंचनाची मोजपट्टी भंगाराच्या भावाने विकली जाते, कारण घरात ती ओळखणारा कोणी उरत नाही.

ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावातील कोरीव काम असलेल्या घरांची एक साधी यादी करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि मालकास घर पाडावयाचे असेल तर किमान चौकट वा गणेशपट्टी शाळेस किंवा ग्रामपंचायत कार्यालयास देण्याची विनंती करावी. यास निधी लागत नाही, लक्ष लागते. गावात राहणाऱ्या निवृत्त सुतार, पॅटर्नमेकर आणि चितारी यांची नोंदही याच यादीसोबत व्हावी.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. त्यांत सुतार आहे, होडी बांधणारा आहे आणि पारंपरिक खेळणी करणाराही आहे. प्रशिक्षणकाळात रोज पाचशे रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तरतूद तीत केलेली आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत अथवा नागरी स्थानिक संस्थेच्या पातळीवर होते. म्हणजे दाराची पहिली कडी आपल्या हाती आहे. खरा कारागीर कोण, हे गावाइतके अन्य कोणास कळणार?

शिक्षकांसाठी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक संधी दिली आहे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार आणि कलावंत यांच्यापाशी शिकावे असे त्यात सुचवले आहे. हे दहा दिवस कारखान्यांची नुसती सहल काढून संपवू नयेत. एका निवृत्त कारागिरास शाळेत बोलवावे, दहा-दहा मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाने एक गलबत पुरे करावे. चित्रकला, गणित, विज्ञान आणि इतिहास या चार विषयांचे शिक्षक त्यात सहभागी होऊ शकतात.

लाकूड महाग आहे, ही अडचण मांडली जाईल. आपल्या पट्ट्यात यंत्रसामग्री ज्या खोक्यांतून येते, ते पाइनचे लाकूड प्रतिकृतीस उत्तम असते आणि स्वस्त मिळते. मात्र एक काळजी घ्यावी. परदेशातून आलेल्या खोक्यांवर शिक्का असतो; 'एचटी' असेल तर ते लाकूड उष्णतेने शुद्ध केलेले असते, 'एमबी' असेल तर त्यावर विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. असे लाकूड, तसेच तेल वा रसायन सांडलेले लाकूड मुलांच्या हाती देऊ नये. करवत आणि पटाशी वापरताना मोठे माणूस शेजारी असावे व घासताना नाकातोंडावर रुमाल बांधावा.

अधिकारी मित्रांना माझी एकच विनंती आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, शाळा आणि गावातील कारागीर हे तीन दुवे आज एकमेकांस क्वचित भेटतात. प्रशिक्षण संस्थेची कार्यशाळा सुटीच्या दिवशी शाळेतील मुलांस खुली झाली आणि तेथे एक ज्येष्ठ कारागीर मानधनावर बसला, तर सावंतवाडीने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी दोन, जागा आणि शिकणारा हात, विनासायास जुळतील. तिसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक. कार्यालयांत पाहुण्यांस देण्यात येणाऱ्या भेटवस्तू आपण बाजारातून घेतो. त्या जागी गावच्या हातांनी घडवलेले एखादे गलबत किंवा कोरीव चौरंग दिला, तर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांचीही प्रतिष्ठा वाढेल.

मित्रहो, या पट्ट्याने देशाला मोटारी दिल्या, यंत्रे दिली, औषधे दिली. त्या साऱ्यांच्या मागे आराखडा वाचणारी नजर आणि माप ओळखणारे बोट होते. येत्या काही वर्षांत हे ज्ञान असणारी पिढी आपल्यातून जाईल. तिच्याजवळचे घेण्यास आपल्याकडे अद्याप वेळ आहे. मात्र फार वेळ नाही. या शैक्षणिक वर्षात प्रत्येक गावाने एक कारागीर आणि प्रत्येक शाळेने एक गलबत, एवढा जरी संकल्प केला, तरी आजचे आपले एकत्र येणे सार्थकी लागेल.

जय हिंद! जय महाराष्ट्र!